उभं जेवण

पान एकशे बारावर, डाव्या बाजूच्या निळसर चौकटीत, रोन्डाला आपलं घर सापडलं.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. शाळेची पहिली फेरी संपली होती आणि पिवळी बस कॉलेजच्या मागच्या आवारात, नदीकडे तोंड करून निमूट उभी होती. मुलं उतरून गेली तरी त्यांचा वास उतरत नसे. ओल्या हातमोज्यांचा, संत्र्याच्या सालींचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या चीजचा मिळून एक उबदार वास दुपारच्या फेरीपर्यंत बसमध्ये रेंगाळे. त्या वासात बसून, स्टिअरिंगच्या चाकावर पुस्तक टेकवून, रोन्डा दहाच्या तासाची तयारी करी. पुस्तक जुनं, तिच्याआधी दोघातिघांच्या हातून गेलेलं. त्यांतल्या कुणीतरी महत्त्वाच्या ओळी गुलाबी शाईनं रंगवून ठेवल्या होत्या, आणि रोन्डा आजवर त्या अनोळखी हाताच्या भरवशावर चालली होती. त्याला जे महत्त्वाचं वाटलं ते वाचायचं, बाकीचं सोडून द्यायचं. आज त्या हातानं तिच्या आईला गुलाबी रंगवलं होतं.

चौकटीचं शीर्षक होतं ‘उभं जेवण’. नदीकाठच्या एका गावात, जिथे चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते आणि ज्याचं नाव बदललेलं होतं, संशोधिका डॉ. थेयर सलग सहा गुरुवार एका घरी संध्याकाळच्या जेवणाला गेल्या. घरात आई, जिला त्यांनी मिसेस एच. असं नाव दिलं होतं, आणि तीन मुलं. वडील दुसऱ्या पाळीला भट्टीवर. चुलीमागच्या भिंतीवर कारखान्यानं बाद केलेल्या बशा टांगलेल्या. गुलाब वाकडे छापले गेलेल्या. ‘या घरात कुणीही बसून जेवत नाही. कारण विचारल्यावर मिसेस एच. म्हणाल्या, बसलं की खुर्च्या झिजतात, बाई. मधली मुलगी, जिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, गरम ताट झग्याच्या टोकानं धरते. ती जवळजवळ बोलतच नाही.’ पुढे सारांश होता: पाळ्यांच्या कामानं मोडलेल्या घरांत जेवण हा एकत्र येण्याचा प्रसंग उरत नाही, घर कारखान्याचंच एक दालन बनतं, माणसं विसाव्याची कल्पनाच हरवून बसतात. ‘हरवून बसतात’ या शब्दांवर गुलाबी शाई दोनदा फिरवलेली होती.

रोन्डानं डाव्या हाताची बाही वर केली. डाग होता तिथेच होता, मेपलच्या लहान पानाएवढा, चाळीस वर्षांत तिच्याबरोबर थोडा वाढलेला. तिला वाटलं, आपण आरशापुढे उभ्या आहोत आणि आरसा आपल्याकडे न बघता कुणा तिसऱ्याला आपल्याविषयी सांगतो आहे. राग लगेच आला नाही. आधी आली ती एक चमत्कारिक लाज, जिचं कारण तिला सापडेना. जणू कुणी आपल्याला झोपेत पाहिलं, आणि त्यानं जे पाहिलं ते आपल्यालाच कधी कळणार नाही. मग तिनं ती ओळ पुन्हा वाचली. ती जवळजवळ बोलतच नाही. बाहेर नदीवरून कोळशाचा एक लांबलचक तराफा इतक्या सावकाश चालला होता की काठच सरकतोय असा भास व्हावा.

समाजशास्त्र तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. तिला हवा होता तो श्वसनोपचाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. जागा वीस, प्रतीक्षायादी लांब. दोन वर्षं थांबून या शरद ऋतूत तिचं नाव अठराव्या क्रमांकावर आलं होतं. अट एकच उरली होती: समाजशास्त्रात निदान सत्तर गुण. नापास झालं तर नाव यादीच्या तळाशी. ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि तळापासून पुन्हा वर यायला किती हिवाळे लागतात याचा हिशेब तिला तोंडपाठ होता. शिवाय श्वास हा तिच्या घरातलाच विषय होता. आईनं एकवीस वर्षं कारखान्यात ताटं चकाकीच्या लुकणात बुडवली, पांढरी धूळ गिळली, आणि आता ती नाकात नळी घालून वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसून असे. यंत्र लावायला येणारा माणूस तिला ‘गोडुले’ म्हणे. त्या एका शब्दापायी रोन्डानं ठरवलं होतं की हे काम आपण शिकायचं. माणसाची छाती दगड झाली तरी त्याला त्याच्या नावानं हाक मारणारं कुणीतरी असायला हवं.

दहाच्या तासाला मिस टोलिव्हरनी नेमकी तीच चौकट काढली. तिशीची, सडपातळ बाई. नदीच्या दोन्ही काठांवरच्या तीन कॉलेजांत तुकड्यातुकड्यांनी शिकवणारी, त्यामुळे कायम नुकतीच गाडीतून उतरल्यासारखी आणि लगेच पुन्हा बसायला निघाल्यासारखी दिसे. “हे घर बघा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला इथे काय दिसतं?” मग मागून एकजण म्हणाला, “गरिबी.” दुसरा म्हणाला, “शिस्त नाही घरात. आमच्याकडे टीव्हीपुढे का होईना, पण बसतात.” वर्ग हसला. रोन्डाच्या शेजारी ब्रिएल बसली होती, पिझ्झाच्या दुकानाचा लाल सदरा अंगात घालूनच वर्गाला येणारी वीस वर्षांची मुलगी. शाळेत असताना ती सहा वर्षं रोन्डाच्याच बसमधून गेली होती आणि अजूनही तिला मुलांसारखंच ‘मिस रोन्डा’ म्हणे. ती म्हणाली, “मला तर त्या आईचं वाईट वाटतं. इतकी दमलेली की बसायचंच विसरली.” मिस टोलिव्हरनी मान डोलावली. “छान. म्हणजे दोष माणसांचा नाही, रचनेचा आहे. डॉ. थेयर त्यांच्याकडे तुच्छतेनं बघत नाहीत, सहानुभूतीनं बघतात, हे लक्षात घ्या.”

रोन्डाच्या तोंडात शब्द आले होते. ते दातांपर्यंत आले आणि थांबले. कारण तिला त्या क्षणी खुर्च्या दिसल्या. चार खुर्च्या, हिरव्या प्लास्टिकच्या बैठकीच्या, त्यांतली एक टेपनं बांधलेली. चारच होत्या. बाबा संध्याकाळी भट्टीवर असत म्हणून चार पुरत: आई, मोठा भाऊ डेल, रोन्डा आणि धाकटी कॉनी. रोज चौघंही बसून जेवत. रोज. कोबी-नूडल्स, बीन्स, कधी तळलेलं बोलोनी सॉसेज. आणि जेवताना कुणी टेबलावर कोपर टेकलं तर आई चमचा त्या कोपरावर मारी. पहिल्या गुरुवारी बर्फातून ती बाई आली. अंगात तपकिरी कॉर्डुरॉयचा कोट, गाल थंडीनं लाल, वयानं आईहून लहानच. आणि दारातच इतक्यांदा ‘माफ करा’ म्हणाली की आईला तिची दया आली. आईनं तिला सगळ्यांत कमी डुगडुगणारी खुर्ची दिली. बाई बसली. मग आईनं टेबलाकडे पाहिलं. तीन खुर्च्या, चार माणसं. स्वतः उभं राहिलं तर पाहुणी लगेच उठणार, म्हणणार, नाही नाही, तुम्हीच बसा. मग दोघी जणी खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना लाजवणार. मुलाला उभं केलं तर पाहुणीला घास गिळवणार नाही. आईनं क्षणभर विचार केला. रोन्डाला तो क्षण अजून दिसत होता: वाफेत तिचा चेहरा, वर गेलेली डावी भुवई. मग तिनं पळी भांड्याच्या काठावर दोनदा वाजवली. ती त्यांच्या घरातली खूण होती, ‘मी सांगते तसं करा आणि तोंड मिटा’ याची. ती म्हणाली, “मुलांनो, ताटं घ्या. बाई, तुम्ही मनावर घेऊ नका, आम्ही नेहमी उभ्यानंच जेवतो. बसलं की खुर्च्या झिजतात.”

आणि ते सगळे उभे राहिले. डेल शीतकपाटाला टेकला, कॉनी आईच्या कोपराखाली, रोन्डा चुलीशी. ताट तव्याइतकं तापलेलं, म्हणून तिनं ते झग्याच्या टोकानं धरलं. बोलली नाही, कारण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं. बाईनं टेबलाच्या कडेखाली वही उघडली आणि लिहून घेतलं.

वर्गात मिस टोलिव्हर फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. रोन्डा बोलली नाही. तास संपेपर्यंत ती पुस्तकातल्या त्या वाक्याला खरं करत बसून राहिली.

दुपारी एकला, दुसऱ्या फेरीच्या आधी, ती आईकडे गेली. अर्डिथ खिडकीशी बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चिमणीएवढी झालेली, मांडीवर शब्दकोडं. पाठीमागे यंत्र हळूहळू श्वास घेत होतं, तिच्या वाटचाही. रोन्डानं पुस्तक तिच्या पुढ्यात धरलं. आईनं चष्मा सारखा केला आणि ओठ हलवत, एकेक ओळ बोटानं पुढे ढकलत, सगळी चौकट वाचून काढली. मग तिचे खांदे हलू लागले. रोन्डाला वाटलं उबळ आली. ती उठायला लागली. पण आई हसत होती.

“छापलं बाईनं! अगं, ती खुर्च्यांची गोष्ट छापली!”

“आई, मुलांना हे शिकवतात. परीक्षेत प्रश्न असतो यावर.”

“मग चांगलंय की. माझ्यावर प्रश्न! तुझ्या बापावर कधी आला होता का?”

“तुझ्यावर नाही आला. तू मोडलेलं घर आहेस त्यात. विसावा हरवलेलं.”

“विसावा?” आईनं नळी नाकात नीट बसवली. “गुरुवारची ती बाई गेली की शुक्रवारी कसे बसायचो, आठवतं? डेल खुर्चीवर आडवाच व्हायचा. मी म्हणायचे, बसा सरदारांनो, झिजवा काय झिजवायचं ते.” पुन्हा हसणं, मग खोकला, मग बराच वेळ नुसतं यंत्र. “सहा गुरुवार, रोन्डा. एकदा म्हटल्यावर सोडता येईना. एकदा तर ती म्हणाली, मीही उभी राहू का तुमच्याबरोबर? मी म्हटलं, छे छे, तुम्ही बसा, तुम्हाला उभ्यानं खायची सवय नसेल.”

“मी खरं लिहिणार आहे परीक्षेत.”

आई थांबली. तिच्या डोळ्यांतलं हसू मावळलं नाही, पण सावध झालं. “कशाला? मीच खोटं बोलले, तर तू कशाला खरं बोलतेस? लिही त्यांना हवं ते. कागद घे, जागा घे, आणि त्या गोडुलेवाल्याला इथून हाकल.”

“तू खोटं बोललीस ते तिला वाईट वाटू नये म्हणून.”

“मग? पाहुणी होती.”

“चाळीस वर्षं झाली, आई. अजून बसलीच आहे ती.”

अर्डिथनं खिडकीबाहेर पाहिलं. कारखान्यांच्या जुन्या भट्ट्यांपैकी एकच उरली होती. बाटलीसारखी, विटांची, आतून रिकामी. “बसली असेल तर बसू दे,” ती म्हणाली. “आपल्या घरातून कुणाला उठवलं नाही मी कधी.”

आईचं म्हणणं सुंदर होतं, आणि त्याचा रोन्डाला मनस्वी राग आला. बस चालवताना, वळणं घेताना, मागून येणारा मुलांचा किलबिलाट ऐकताना ती त्या सौंदर्याशी भांडत राहिली. आईची पिढी अशीच होती. धूळ गिळायची आणि डॉक्टरला म्हणायचं, सर्दी आहे. कारखाना बंद झाला तेव्हा साहेबाला केक करून नेला होता त्यांनी, कारण त्याचीही नोकरी गेली होती. सगळ्या जगाला खुर्ची द्यायची, आणि जगानं बसल्याबसल्या लिहायचं की या लोकांना बसता येत नाही. कीव करायलाही आधी बसायला जागा लागते. ती जागा कुणी दिली हे वहीत येत नाही. सातव्या थांब्यावर एक मुलगी उतरताना म्हणाली, “मिस रोन्डा, तुम्ही कुणाशी बोलताय?” रोन्डा म्हणाली, “स्वतःशी. तू पायरी बघून उतर.” आणि दार मिटताना तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं बोलत होतो. ती जवळजवळ बोलतच नाही, असं जिच्याविषयी छापलेलं आहे, ती रिकाम्या होत जाणाऱ्या बसमध्ये एकटीच मोठ्यानं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मिस टोलिव्हरना गाडीशी गाठलं. त्यांचं कार्यालय म्हणजे गाडीची डिकी होती. कपडे धुवायच्या टोपलीत तीन कॉलेजांचे तीन गठ्ठे, तीन रंगांच्या रबरबँडांनी बांधलेले. रोन्डानं बाही वर केली आणि डाग दाखवला. मग सगळं सांगितलं, चार खुर्च्यांपासून उभं राहू का म्हणणाऱ्या पाहुणीपर्यंत. मिस टोलिव्हर डिकीच्या काठावर टेकल्या. सुरुवातीला त्या नुसत्या ऐकत होत्या, मग त्यांचे डोळे चमकायला लागले.

“म्हणजे पाहणारी तिथे बसली होती म्हणूनच ते उभे होते! आणि तिनं लिहिलं ते घर तिच्याशिवायचं समजून! रोन्डा, हे विलक्षण आहे. तुमच्या आई हयात आहेत?”

“आहेत. नळीवर.”

“हे लिहा. सविस्तर लिहा, मी वाचते, कुठे पाठवता येईल बघते.” मग चमक हळूहळू विझली, त्यांनी आवाज खाली आणला. “फक्त परीक्षेत नको. तो पेपर सगळ्या तुकड्यांना एकच असतो. उत्तरांचा नमुना विभागाकडून येतो, तिघंजण तपासतात आणि सरासरी काढतात. त्या प्रश्नाला तीस गुण आहेत. माझ्या एकटीच्या हातात काही नाही. मला तर पुढच्या सत्राचं पत्रही अजून आलेलं नाही. पेपरात पुस्तकातलं लिहा. खरं मला वेगळं द्या.”

“म्हणजे खरं मागच्या दारानं.”

“तुमची जागा जाईल हो. मी तुमच्या बाजूनं आहे, रोन्डा.”

“ती बाईही आमच्याच बाजूनं होती,” रोन्डा म्हणाली. “पुस्तकात तसं लिहिलंय. सहानुभूतीनं.”

मिस टोलिव्हर लाल झाल्या. रोन्डाला ते पाहून वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याची ती जुनी, घरातली, पळी वाजवणारी सवय तिनं या वेळी मुठीत धरून ठेवली. तिनं ‘माफ करा’ म्हटलं नाही. डिकी बंद करायला मात्र हात लावला, कारण टोपली जड होती.

परीक्षेच्या आधी ब्रिएल जिन्यात भेटली. तिला सगळं कळलेलं होतं; त्या कॉलेजात गोष्टी जिन्यातच कळत. “मिस रोन्डा, लिहून टाका ना त्यांना पाहिजे ते. मी तर अर्ध्या पेपरात काय लिहिते मलाच कळत नाही.”

“तुला काय वाटलं होतं त्या आईबद्दल? दमून बसायचं विसरली?”

ब्रिएल ओशाळली. “मला काय माहीत ती तुमची आई आहे!”

“माझी नसती तर?”

ब्रिएलनं क्षणभर विचार केला. “मग अजूनही वाईटच वाटलं असतं,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “आणि मी आपली बरी आहे असं वाटलं असतं.” मग ती डोळे मिचकावून म्हणाली, “तुम्ही बसमध्ये पण अशाच होतात. एकदा ‘नाही’ म्हटलं की नाही. मी बर्फात चालत गेले होते घरी, बसमध्ये बबलगम चघळलं म्हणून.”

“अर्धाच मैल होता. आणि मी मागून हळूहळू बस आणत होते.”

“माहितीये मला,” ब्रिएल म्हणाली.

प्रश्न सातवा तसाच आला, पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखा: ‘उभं जेवण’ ही संकल्पना स्पष्ट करा आणि मिसेस एच. यांच्या कुटुंबात तिची कारणं सांगा. रोन्डाला नमुना उत्तर पाठ होतं. पाळी, थकवा, घराचं दालन होणं, विसाव्याचा लोप. गुलाबी शाईत ते तिच्या डोळ्यांपुढे तरंगत होतं, आणि ते उतरवायला पंधरा मिनिटं पुरली असती. पंधरा मिनिटं, मग विसांतली एक जागा, मग पांढरा सदरा, मग आईच्या छातीवर ठेवलेला स्वतःचा हात. तिनं ते सगळं नीट पाहून घेतलं. त्यातलं काहीही लहान करून दाखवलं नाही स्वतःला. खोलीत चाळीस पेनं कागदावर सरपटत होती. तिला एकाएकी तळहातांत उष्णता जाणवली, ताटाची, झग्याच्या पातळ कापडातून येणारी. आणि कळलं की इतकी वर्षं आपण ते ताट खाली ठेवलेलंच नाही.

तिनं लिहिलं: ‘खुर्च्या चार होत्या. पाहुणीला एक दिली. एकजण उभं राहिलं असतं तर पाहुणीला लाज वाटली असती, म्हणून सगळे उभे राहिलो, आणि आईनं विनोद केला. डॉ. थेयर यांनी घरातली प्रत्येक वस्तू मोजली, भिंतीवरच्या बशासुद्धा, पण स्वतः बसल्या होत्या ती खुर्ची मोजली नाही. गुरुवार सोडून आम्ही रोज बसून जेवत होतो. आमच्याकडे विसावा होता. आठवड्यातून एक दिवस तो आम्ही तुम्हाला वापरायला दिला. मिसेस एच. यांचं नाव अर्डिथ आहे. त्यांना थकवा येत असे, पण तो या प्रश्नाचं उत्तर नाही.’ खाली तिनं थोडी जागा सोडली आणि लिहिलं: ‘मधली मुलगी.’

निकाल फोनच्या पडद्यावर आला तेव्हा ती बसमध्येच होती. त्रेसष्ट. तिनं तो आकडा बराच वेळ पाहिला. तो बदलेल अशी आशा नव्हती. त्याला आपल्याकडे बघण्याची पुरेशी संधी द्यावी, एवढंच. दुपारी काच पुसणाऱ्या दांडीखाली एक घडी केलेला कागद खोचलेला होता. ‘तिघांतली एक मी होते. मी तीसपैकी तीस दिले. बाकी दोघांनी शून्य. जून टोलिव्हर.’ खाली आणखी एक ओळ होती, आधी खोडून पुन्हा लिहिलेली: ‘पुढच्या सत्रात मी फक्त पलीकडच्या काठावर आहे.’ रोन्डानं कागद डोक्यावरच्या ऊन अडवायच्या पट्टीत, परवान्याशेजारी ठेवला.

नाव यादीच्या तळाशी गेलं. नावनोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं पडद्यावर बघत विचारलं, “हा विषय आहे की तुमच्या नावावर. परत घेताय?”

“परत.”

“दुसरा पण आहे, मानसशास्त्र. तोही चालतो त्या यादीला. लोक म्हणतात सोपा आहे.”

रोन्डाला हे माहीत नव्हतं. दार इतकं सहज, इतकं शेजारी उघडं होतं. मागे रांगेत कुणीतरी पायावर पाय घासत होतं. “नको,” ती म्हणाली. “हाच.”

आईला सांगितलं तेव्हा ती शब्दकोड्यातून वर न बघता म्हणाली, “नापास झालीस म्हण की.”

“झाले.”

“मूर्ख कार्टी.” पेन्सिल थांबली. “आणि आता पुन्हा तेच पुस्तक?”

“तेच.”

“तेच उत्तर?”

“तेच.”

यंत्रानं दोन श्वास घेतले. अर्डिथनं मान वर केली, आणि तिची डावी भुवई वर गेली, अगदी वाफेत गेली होती तशी. “मी सहा गुरुवार खेचलं होतं,” ती म्हणाली. “बघू तू किती खेचतेस.”

जानेवारीत खोली तीच होती, शिक्षक नवे. मिस्टर हॉलक्विस्ट, गोल चेहऱ्याचे, खडूची धूळ बाहीवर बाळगणारे सज्जन गृहस्थ. पाचव्या आठवड्यात त्यांनी पान एकशे बारा उघडायला सांगितलं. रोन्डाच्या शेजारच्या मुलाचं पुस्तक कोरं करकरीत होतं. त्यात आईला अजून कुणी रंगवलं नव्हतं. मिस्टर हॉलक्विस्टनी चौकट वाचून दाखवली, चांगल्या आवाजात, जिथे दुःख आहे तिथे थोडं थांबून. “आता ही मधली मुलगी,” ते म्हणाले. “तिचं मौन आपल्याला काय सांगतं?”

त्या वर्गात उत्तर द्यायला कुणी उभं राहत नसे. बसल्याबसल्या बोट वर करावं, तेही अर्धवट, अशी रीत होती. खुर्ची फरशीवर मागे सरकल्याचा आवाज झाला तेव्हा सगळ्या माना वळल्या, आणि मिस्टर हॉलक्विस्ट काळजीनं म्हणाले, “काही हवंय का तुम्हाला? बसून बोललात तरी चालेल.”

“नको,” रोन्डा उभ्यानंच म्हणाली, आणि बाही वर करायला लागली. “मला सवय आहे.”